गेम चार्जिंगला होता

"गेम कुठं बघितलास का गं?" शेठच्या घरातल्या वैनीसाहेबांनी एवढंच विचारलं.

एवढंच. चोरलास का, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच माझ्या अप्पानं मला दंडाला धरून खोलीच्या मधोमध आणलं. खांद्यावरचा पंचा काढून फरशीवर पसरला. मला त्यावर उभं केलं आणि म्हणाला, "झटक."

मी फ्रॉक झटकला. खिसा उलटा केला. खिशातलं बोरकूट पंचावर सांडलं. मग अप्पा माझ्या मागं आला आणि त्यानं माझी वेणी सोडली.

दोन्ही हातांत धरायचा गेम. तो पोरीच्या वेणीत मावंल का? शेठचा नातू अथर्व फिस्सकन हसला. "आजी, ते बघ, केसात शोधतायत." मग वैनीसाहेबबी हसल्या. का हसत्यात, ते अप्पाला कळलं न्हाय. तो आपला माझे केस बोटांनी झाडत राहिला.

आम्ही हुपरीचे. घरात पैंजण करतो. चांदी शेठची, मजुरी आमची. कानशीनं घासताना चांदीचा कीस उडतो. कपड्यावर बसतो, केसात अडकतो. म्हणून कामावरनं उठलं की गोणपाटावर उभं राहून कपडे झटकायचे, बायकांनी वेणी सोडून केस झाडायचे, हे आमच्यात रोजचं. त्यात लाज कसली? पडलेला कीस गोळा करायचा आणि शेठला परत द्यायचा. चांदी कमी भरली तर आपल्याला चोर म्हणतील, ही धास्ती अप्पाच्या हाडात बसलेली. कुणी नुसतं 'बघितलास का' म्हटलं तरी त्याचे हात आपोआप चालायला लागायचे.

त्या दिवशी मी अप्पासंगं कोल्हापूरला गेलते. शाळेला सुट्टी होती. सराफांच्या गुजरीत खाली शेठची पेढी, वर माडीवर घर. अप्पा माल द्यायला खाली बसला आणि मला वर बोलवून घेतलं, नातवाला जोडीला कुणी न्हाय म्हणून. अथर्व माझ्याच वयाचा. त्याच्या हातात तो गेम, काचेवर गाड्यांची शर्यत. "तू नुसतं बघायचं," असं त्यानं आधीच सांगून टाकलं. मी बघत बसले. मधीच त्याला दूध प्यायला हाक आली. तेव्हा म्हणाला, "धर. एवढी रेस चालू ठेव, गाडी थांबवू नको."

मी धरला. काय सांगू तुम्हाला. तांबडी गाडी, बाजूला समुद्र, बटण दाबलं की गाडीच्या मागनं निळा जाळ. पहिल्याच वळणाला मी गाडी भिंतीवर घातली. वाटलं, मोडली आता, मेले मी. पण त्या गेममधली गाडी मोडत न्हाय. ठिणग्या उडाल्या आणि परत पळायला लागली. आपल्या हातनं चूक झाली आणि कुणी वरडलं न्हाय, हे मला नवीन होतं. माझा नंबर पार मागं आला, तरी मी खुश होते. अथर्व आला तसा मी गेम त्याच्या हातात दिला. पुढं त्याचं काय झालं, मला ठावं न्हाय. अप्पा मला न्यायला वर आला, तवर गेमची शोधाशोध सुरू झालेली.

गेम सापडला. आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. "अगं बाई, मीच लावला होता की," वैनीसाहेब म्हणाल्या. मी पंचावर तशीच उभी, केस सुटलेले. शेठ वर आले. वैनीसाहेबांनी त्यांना सगळं हसत हसत सांगितलं. शेठनी अप्पाच्या पाठीवर थाप मारली. "कारागीर असा पाहिजे. न सांगता झडती देतो."

अप्पाचा चेहरा फुलला. खरंच सांगते, फुलला. त्या थापेचा मला अजून राग येतो. शेठचा येतो तसा अप्पाचाबी येतो, आणि अप्पाचा आला की माझी मलाच लाज वाटते.

परत येताना एस.टी.त मी केस बांधले न्हाईत.

"बांध की. लोक बघत्यात."

"बघू देत."

"काय झालं तुला? सापडला न्हवं गेम? सुटलो की आपण."

सुटलो म्हणे. काही केलं नसताना सुटायचं कशातनं?

पुढच्या खेपेला शेठचा निरोप आला, पोरीला घेऊन ये, नातू आठवण काढतोय. माझा जीव त्या गेमात अडकलेला. अंथरुणात पडल्या पडल्या माझे अंगठे हालायचे. तरी मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसले ती उठले न्हाय. अप्पानं ओढलं. "मी येणार न्हाय." कंडक्टरनं घंटी मारली आणि अप्पा एकटा गेला.

त्या खेपेला शेठनी पुढच्या कामाला चांदी कमी दिली. माझ्यामुळं का कशामुळं, देव जाणे. आईनं मात्र मलाच धरलं. "तुझ्या नखऱ्यापायी आता उपाशी बसायचं व्हय?" संध्याकाळी सगळे गोणपाटावर उभे राहिले, मी राहिले न्हाय. लांब उभी राहून केस झाडले. कीस मातीत गेला. त्यापायी आईनं मारलं, आणि मी मार खाल्ला.

आता आई न्हाय. अप्पाला धड दिसत न्हाय, त्याच्या खेपा बंद झाल्यात. पैंजण मी करते, आणि पेढीवर अथर्व बसतो. परवा त्याचा फोन आला. "ताई, माल घेऊन तुम्हीच या आता. दारात बाई ठेवलीय, ती जरा तपासते. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्या कारागिरांना तपासतो."

"आणि गिऱ्हाइकांना?"

तो हसला. "गिऱ्हाइकांना कसं तपासणार, ताई?"

मी कोण, हे त्याला आठवतंय का, माहीत न्हाय. आठवायचं त्याला कारण तरी काय?

"मी येणार न्हाय," मी म्हणाले. "माल तयार हाय. हुपरीला या. तराजू तुमचा आणा."

"असं कुठं चालतं का?"

"न्हाय चालत. ठावं हाय मला."

अजून कुणी आलं न्हाय. नवी चांदी न्हाय. दुसऱ्या पेढ्यांवर इचारलं, तिथंबी दारात हीच पद्धत. अप्पाच्या गोळ्या संपत आल्यात. "एकदा जाऊन ये की गं," तो रोज म्हणतो, "आपलं काय झिजतंय?" मी उरलेल्या गोळ्या मोजते आणि एक त्याच्या हातावर ठेवते. कधी कधी वाटतं, जावं आणि मोकळं व्हावं. वाटतं, खोटं कशाला बोलू.

पैंजण डब्यात ठेवलेत. शेठची चांदी हाय. मी ती विकणार न्हाय, मोडणार न्हाय आणि पोचवायलाबी जाणार न्हाय. ज्याची हाय त्यानं माझ्या दारात यावं, चपला बाहेर काढाव्यात आणि मागून न्यावी.