नावांची ओळ

तीन माणसं आणि एकच पासवर्ड असला की किस्से आपोआप साठत जातात. सांगायला बसलो की लोक हसतात. मीही हसायचो. आता जमत नाही.

तिघं म्हणजे मी, वळ गावचा जयेश आणि सर. आम्ही दोघं कॉलेज सोडलेले, सर शाळेतून रिटायर झालेले. एक फुकट, सगळ्यांना खुलं असलेलं ऑफिस सॉफ्टवेअर मराठीत आणायचं होतं. निजामपुऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून आम्ही प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहायचो. फाइल प्रोजेक्टच्या सर्व्हरवर चढवायचा पासवर्ड मात्र एका भाषेला एकच. तो सरांकडे. का? तर वयाने मोठे!

*

पहिली फाइल सरांनी ‘जरा नजरेखालून घालतो’ म्हणून घरी नेली आणि आपल्या जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये करून चढवली. सर्व्हरवर नुसता कचरा. परदेशातल्या एका डेव्हलपरने नम्रपणे विचारलं, ही कुठली भाषा?

सर आम्हाला म्हणाले, “त्यांच्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही, त्याला मी काय करू?”

*

एकदा टेमघरला सरांच्या घरी मीटिंग झाली. पोहे झाले, मग मातृभाषेवर भाषण. आम्ही माना डोलावल्या. निघताना जयेशने सरांचा कॉम्प्युटर चालू केला, तर सगळं इंग्रजीत.

“मराठीत गोंधळायला होतं रे,” सर म्हणाले.

*

जयेशने रात्रपाळी करून मदतीची सगळी पानं मराठीत केली होती. सरांनी पेनड्राइव्हवरची महिनाभर जुनी फाइल त्यावर चढवली. सर्व्हर जुन्या प्रती ठेवतो, म्हणून मला जयेशची परत काढता आली. सरांना सांगितलं, तर म्हणाले, मग गेलं कुठे, एवढा आरडाओरडा कशाला?

जयेश हसला. तेव्हा त्याचे पाय सुजायला लागले होते.

*

किडन्या गेल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याने शेवटची फाइल पुरी केली. ठरलेल्या तारखेआधी ती चढली नाही, तर सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजमधून, म्हणजे आवृत्तीतून, मराठी वगळणार होते. पुढचं रिलीज सहा महिन्यांनी. तेवढे त्याच्याकडे नव्हते, हे त्याला माहीत होतं.

फाइल सरांकडे पडून. मी रोज फोन करायचो. सर म्हणायचे, वेलांट्या बघतोय, घाई करून भाषा बिघडवायची का?

*

त्या फाइलमध्ये एक ओळ अशी असते, जिथे अनुवाद करणाऱ्यांनी आपली नावं लिहायची. सॉफ्टवेअरच्या ‘विषयी’ खिडकीत तीच दिसतात. तारखेच्या आदल्या दिवशी जयेश मला म्हणाला, “तिथं एकट्या सरांचा नाव टाक. मंग बघ, आजच चढवतील.”

मी नाही म्हटलं.

“टाक रे. मला नाव न्हाय, मराठी पायजे.”

माझ्याकडच्या प्रतीत टाकलं आणि ती सरांना पाठवली. संध्याकाळपर्यंत फाइल चढली. वेलांट्या बघून झाल्या होत्या!

*

रिलीज आलं, त्यात मराठी होती. जयेश त्याच्या आदल्या आठवड्यात गेला.

तेराव्याला मी त्याच्याच कॉम्प्युटरवर ते लावलं. सर शेजारच्या खुर्चीत. जयेशच्या आईला वाचता येत नाही. तिने बराच वेळ पडद्याकडे बघितलं, मग विचारलं, “सर, ह्यात माज्या जयेशचा नाव कुठं हाय?”

मी ‘विषयी’ खिडकी उघडली आणि सरांकडे बघत राहिलो.

सरांनी चष्मा पुसला. पुढे वाकून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

“हे काय, इथे.”

त्यांनी बोट काढेपर्यंत ती थांबली. मग तिथे पदराने काच पुसली आणि हात ठेवला.