अडलेला सोफा

सेक्टर दोनमधल्या आमच्या गल्लीत धड सोफा एकच, शेजारच्या काकूंचा. कुणाकडेही मुलगी बघायला पाहुणे आले की काकूंचा मुलगा तो तिकडे पोचवायचा. त्या सोफ्यावर निदान पाचशे लग्नं तरी जमली असतील!

माझ्या वेळी पाहुणे जवळच्या बोरसीपर्यंत आले, तरी सोफा येईना. आई आणि मी काकूंच्या अंगणात गेलो. त्यांचा मुलगा भट्टीतून काढल्यासारखा लालबुंद होऊन सोफ्यावर ठाण मांडून बसलेला.

“आतापर्यंत मुकाट्यानं उचलला, आज काहून अडून राहिला बे?” काकू कडाडल्या.

“आज हिले पाहाले येऊन राहिले न, माय!”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

पाहुण्यांना आईनं चटईवरच पोहे वाढले, आमच्या लग्नाच्या आमंत्रणासकट.