मेपलभोवतीचं सूत

आमच्या घराला सावली नव्हती. अकोल्याजवळच्या वस्तीत टिनाची एक खोली. मे महिन्यात दाराच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. बाबा मार्केट यार्डात हमाल, आई कापसाच्या जिनिंगमध्ये रोजंदारीवर. दोघं उन्हातून घरी यायचे आणि घरीही डोक्यावर तापलेलं टिनच. आई छपरावर ओली पोती टाकायची. ती वाळायच्या आत आम्ही जेवून घ्यायचो. आईचं माझ्याकडे एकच मागणं होतं. "पोरी, शिक. सावलीतली नोकरी कर."

केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मुद्दाम सांगते. इंजिनीअरिंग, मग अमेरिकेत येऊन स्टेट कॉलेज गावी मास्टर्स, मग इकडे एडिसनला नोकरी. घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवरा बेसमेंट कोरडं आहे का, स्टेशन किती लांब, ते बघत होता. मी मागच्या अंगणातला मेपल बघितला आणि बाहेरूनच हो म्हटलं. जुनं, अवाढव्य झाड. कमरेच्या उंचीवर त्याची दोन खोडं होतात, आणि अर्धं घर त्याच्याखाली येतं.

आई-बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा आईने त्या झाडाखाली खुर्ची टाकली. भाजी निवडणं तिथे, चहा तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. वटपौर्णिमा आली. इथे वड कुठला? आई सुताची गुंडी घेऊन मेपलकडे निघाली.

"सातही जन्म मीच?" बाबा पायरीवरून म्हणाले. "इचार कर बाई अजून."

"केला," आई फेऱ्या घालता घालता म्हणाली. "दुसरी कोन घेईल तुमाले?"

सूत छातीच्या उंचीवर, दोन्ही खोडांना मिळून गुंडाळलं गेलं. मग एका दुपारी कोरडा, सोसाट्याचा वारा सुटला. तो थांबल्यावर आई बाहेर गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. सूत तुटलं होतं.

"काहून तुटलं वं?" तिने बाबांकडे बघितलं आणि नजर वळवली.

"जुनं असेल सूत, आई," मी म्हटलं. पण सगळे फेरे एकाच जागी तुटले होते, दोन खोडांच्या मधे. मी वाकून बघितलं. बेचक्यातून खाली एक ताजी चीर गेली होती. तेवढ्यात पुन्हा झुळूक आली, आणि माझ्या बोटाखाली ती चीर जराशी उघडली आणि मिटली. मी हात काढून घेतला.

झाडं पाडणारा माणूस आला, बघून म्हणाला, पाडा. एक खोड थेट आमच्या मुलीच्या खोलीवर झुकलेलं. नवरा म्हणाला, "यार, झाड मलाही आवडतं. पण खाली पोरगी झोपते." मुलीला आम्ही पुढच्या खोलीत हलवलं. बाबांनी उपाय सुचवला, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तसा पट्टा आवळून टाकायचा. आईने खुर्ची उचलली आणि कुंपणापाशी उन्हात नेऊन ठेवली.

"हे काय, आई?"

"पाडनारच हाय तं आतापासून सवय करते."

मग मी एका आर्बोरिस्टबाईंना बोलावलं. आर्बोरिस्ट म्हणजे झाडांचे डॉक्टरच. त्या दोरावरून वर चढल्या, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकत खाली आल्या. दोन खोडांच्या मधे साल दबली गेलीये, त्या म्हणाल्या; त्यामुळे खोडं चिकटून वाढली तरी लाकूड एकजीव झालं नाही. पण आत कुज नाही, चीर नवीन आहे. वाचवता येईल, शंभर टक्के खात्री देणार नाही. चिरेपाशी दोन्ही खोडांतून आरपार स्टीलचा दांडा, वर उंचावर दोन्हींना जोडणारी केबल, आणि घराकडच्या लांब फांद्या थोड्या आखूड. पट्टा? अजिबात नाही. झाड दरवर्षी जाड होतं, पट्टा त्याला आवळत जाईल.

"म्हंजे गयाले फास," बाबा म्हणाले. पटलं त्यांना.

निघताना बाईंनी आईने बुंध्याशी माती चढवून केलेलं आळं दाखवलं. माती खोडाला भिडू देऊ नका, साल कुजते.

मी हे मराठीत सांगितल्यावर आई उसळली. "आयुष्यभर झाडायले आळी केली म्या. हे बाई शिकली तरी कुठं?"

"कॉलेजात, आई."

आईने फावडं आणलं आणि माती मागे ओढली.

नवऱ्याने अट घातली: दरवर्षी तपासणी, आणि बाई धोका नाही म्हणेपर्यंत मुलगी पुढच्याच खोलीत. मला मान्य होतं. काम झालं. हिवाळ्यात बर्फाने फांद्या वाकल्या, वसंतात लालसर पालवी फुटली. तपासणीला बाई आल्या, चीर वाढली नव्हती. मुलगी आपल्या खोलीत परत गेली.

यंदा आईने पुन्हा सूत गुंडाळलं. नंतर मोठा वारा झाला, तो थांबताच ती चपला न घालता बघायला गेली. सूत शाबूत होतं. तिने कुंपणाजवळची खुर्ची ओढत झाडाखाली आणली आणि मेथीची जुडी मागवली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझी आई आता सावलीत बसते.