पावडरबंदी

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मी शाळेची दप्तरं शिवायचे. नालासोपाऱ्यात नुकताच फ्लॅट घेतलेला, मुलगी जूनमध्ये पहिलीला जाणार, आणि दिवसभर घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा मशीन बरी, असा माझा विचार होता. मशीनचा विचार वेगळा होता.

रेक्झिनचे दोन थर एकावर एक ठेवून शिवायला घेतले, की खालचा थर मशीनचे दाते इमानदारीने पुढे ओढतात. वरचा मात्र सुईजवळच्या दाबणाऱ्या लोखंडी फुटाला चिकटून बसतो. शिवण संपते तेव्हा खालचा पोचलेला असतो आणि वरचा अर्धा इंच उरलेला. आमच्या सोसायटीचा कारभारही असाच चाले, पण तिथे निदान उसवायची सोय होती. रेक्झिनला सुईची भोकं पडली की पडली. उसवलं तर नग बाद.

शेजारच्या मशीनवर पाचूबंदरच्या मावशी बसत. घरचे सगळे मासेमारीत, ह्या एकट्या शिवणात. पहिल्याच दिवशी माझा अवतार बघून म्हणाल्या, "खालच्याला मशीन नेतं, बाय. वरच्याला कोन नेनार? तूच ना?" मग ड्रॉवरमधून टाल्कम पावडरचा डबा काढून त्यांनी शिवणीच्या जागेवर चिमूटभर फासली. वरचा थर फुटाखालून सरसर सरकला, दोन्ही टोकं जुळली. मला दहावी पास झाल्यासारखा आनंद झाला. प्रत्येकीच्या ड्रॉवरमध्ये असा डबा असे, आणि आमच्या गाळ्याला बारशाच्या घराचा वास येई.

एप्रिलमध्ये नवे मॅनेजरसाहेब आले. कसलासा कोर्स केलेले. काचेच्या केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रॉवर तपासले आणि सगळे डबे जप्त केले. "इथे काम करायला येता की नटायला?"

"सायब, ती तोंडाला नाय, रेक्झिनला लावतो," मावशी म्हणाल्या.

साहेब हसले. बाई पावडर तोंडाला लावत नाही, यावर विश्वास ठेवण्याइतके ते भोळे नव्हते.

डबे गेले आणि वरचे थर मागे राहू लागले. आमच्या गप्पांमुळे हे होतं, असा शोध साहेबांनी लावला. आधी रेडिओ बंद केला, मग चहाची सुट्टी कापली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी भिंतीवर फळा लागला: रोज कुणाचे किती नग बाद. शनिवारपर्यंत जिचे सगळ्यांत जास्त, ती घरी.

मग कात्री निघाली. शिवण संपली की वर उरलेला अर्धा इंच कापून टाकायचा. टोकं जुळलेली दिसतात, आणि तपासणारा फक्त टोकंच बघतो. असं दप्तर पुस्तकं भरली की एका अंगाला पिळतं, पण तोवर ते कुणाच्या तरी पाठीवर गेलेलं असतं. ही विद्या कुणी कुणाला शिकवली नाही, सगळ्यांना आपोआप आली. मलाही आली. मला नोकरी हवी होती.

मावशींनी कात्री लावली नाही. त्या उसवत राहिल्या आणि भोकं पडलेले नग निमूट बाद मालाच्या टोपलीत टाकत राहिल्या. गाळ्यात सगळ्यांत सरळ शिवणाऱ्या बाईचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर गेलं. शनिवारी साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि त्याच दमात मला उभं केलं. माझा एकही नग बाद नव्हता. "यांच्याकडून शिका," साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. एक वाक्य बोलले असते तर सगळं उघडं पडलं असतं, मावशींची नोकरीही कदाचित वाचली असती. मी बोलले नाही. त्याची आजही लाज वाटते.

निघताना मावशी माझ्यापाशी थांबल्या. माझ्यापुढचं दप्तर उचलून उलटंपालटं करून बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाय, हे तुज्या पोरीच्या पाठीवर टाकशील का?"

जूनमध्ये कामगारांच्या मुलांना एकेक दप्तर फुकट मिळालं. साहेबांनी माझ्यासाठी मुद्दाम मीच शिवलेलं काढून ठेवलं होतं. ते मी शेजारणीच्या मुलाला दिलं, आणि मुलीसाठी स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरं विकत आणलं.