रज्जाकभाईंची सही

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत दप्तरांना चेन बसवणारे रज्जाकभाई म्हणजे कुणावर म्हणून विश्वास न टाकणारा माणूस. दुरुस्तीला आलेलं दप्तर ते गिऱ्हाइकासमोर रिकामं करणार, एकेक वस्तू मोठ्याने म्हणून दाखवणार, मगच सुई हातात धरणार. उद्या कुणी म्हणालं, कंपास चोरलात, तर? चाळीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं, हा भाग वेगळा.

अशा माणसाकडे एका पक्षाचा कार्यकर्ता इंद्रजीत मागणीपत्र घेऊन आला. "चाचा, फीचं व्हाउचर सरकारने थेट पालकांना द्यावं, अशी आमची मागणी आहे. शाळा तुम्ही निवडायची. खाली मुलाची माहिती भरायची, हवी ती शाळा लिहायची आणि फक्त एक सही."

"मी निवडीन हो. शाळा मला निवडणार का?"

इंद्रजीत नुसता हसला. त्या हसण्याचाच भाईंना जास्त संशय आला. निवडणूक तोंडावर आली की बरी यांना पोरांची फी आठवते. तो वळताच मागणीपत्र केराच्या डब्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी महापालिका शाळेतल्या आनंदीबाई आल्या, नेमका उलटा कागद घेऊन. भाईंची नात मिसबा त्यांच्याच वर्गात, पाचवीला. तिची आई, म्हणजे भाईंची लेक, दिवसभर खराडीला कामावर, त्यामुळे मिसबाच्या शाळेचं सगळं तिच्या नानांकडे, म्हणजे भाईंकडेच.

"व्हाउचर आलं की मुलं खाजगी शाळांत जातील, पट घसरेल, शाळेला कुलूप लागेल," बाई म्हणाल्या. "व्हाउचरच्या वरची फी मग भरणार कोण?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण शाळा बंद पडली तर बाईंचीही बदली होणार होती की. भाईंनी तिथेही सही केली नाही.

शनिवारी मिसबाच्याच दप्तराची चेन गेली. नात असली म्हणून काय झालं, दप्तर तिच्यासमोर ओतलं. वही, पट्टी, डबा म्हणता म्हणता घडी घातलेला कागद हाताला लागला. केरात टाकलेलं तेच मागणीपत्र. नाव, इयत्ता, पत्ता, सगळं मिसबाच्या अक्षरात भरलेलं. 'हवी असलेली शाळा' या रकान्यात मात्र लिहून खोडलेलं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेलं.

भाईंनी कागद उजेडात धरून पाहिला. इंद्रजीतला पारखलं, बाईंना पारखलं, आणि या पोरीला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"मिसबा, इथे काय लिहिलं होतंस गं? तुला कुठली शाळा हवीय?"

तिने कागद ओढून घेतला, घडी घालून मुठीत धरला आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"आधी सांगा नाना, तुम्हाला हे कुणी विचारायला लावलंय?"