कोरडी बरणी

आज तेलीबांध्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये लोणच्याची बरणी उघडली आणि मोहरी-हिंगाचा वास घरभर झाला. सगळा पावसाळा गेला, तरी बुरशीचा ठिपकाही नाही. साठीत घातलेलं माझं हे पहिलं लोणचं.

वासाबरोबर चौबे कॉलोनीतलं आमचं स्वयंपाकघर आलं. मी आठेक वर्षांची होते. कैरीच्या फोडी मीच कालवल्या होत्या, कोपरापर्यंत पिवळी होऊन. पुढे त्या लोणच्याला बुरशी आली, तेव्हा आत्या आईला म्हणाली, "काहून हात लावू दिला या पोट्टीले? हिच्या हातचं टिकत नाही." आई ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिली.

तेव्हापासून लोणचं घालताना मी दाराबाहेर. सासरीही मी आपणहून सांगायचे, माझ्या हातचं टिकत नाही.

यंदा शेजारणीने कैऱ्या आणून दिल्या, नाही म्हणवेना. बरणी पुसता पुसता हात थांबला. लहानपणी फोडी कालवल्या त्या दिवशी आत्याची घाई चालली होती, आणि आईने नुकती धुतलेली बरणी तशीच पुढे केली होती. आत पाण्याचे थेंब होते. मी दाखवलेही. "राहू दे," आई हळूच म्हणाली होती.

म्हणजे तिला ठाऊक होतं. नणंदेपुढे बोलता आलं नसेल. त्यानंतर दरवर्षी मुरलेल्या लोणच्याची पहिली फोड ती माझ्याच ताटात वाढायची. मला ते लाड वाटायचे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आज पहिली फोड तिला वाढावीशी वाटली. ताट एकच होतं.