माझ्या वाट्याचा शब्द

बेटम्याहून इंदूरला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी इंग्रजी शिकलो, असं सांगितलं की ऑफिसात लोक हसतात. पण खरं तेच आहे. आमच्या घरी पिठाची चक्की. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. शाळा हिंदी मीडियमची, घरी मराठी, आणि इंग्रजी फक्त पास होण्यापुरतं. बँकेच्या परीक्षेसाठी इंदूरला कोचिंग लावलं, तेव्हा अवघड शब्दांचे ढीग पुढे येऊ लागले. मी घोकायचो आणि सकाळी सगळं साफ. सर म्हणाले, "रटो मत. हर शब्द को किसी का चेहरा दे दो, फिर वो जाएगा नहीं." त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही.

चेहऱ्यांसाठी आमच्याकडे बस होती. आमच्याकडे म्हणजे मी आणि ती. ती आमच्याच गावची, मराठी घरातली, त्याच क्लासला येणारी. ती स्टँडवर चढायची आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायची. मी पुढच्या तिठ्यावर चढायचो आणि रुमाल तिच्या हातात देऊन बसायचो.

बेटम्यापासून इंदूरच्या गंगवाल स्टँडपर्यंत सुनेच्या तक्रारी सांगणाऱ्या बाई 'गॅर्युलस', म्हणजे बडबड्या, झाल्या. दुसऱ्याच्या खांद्यावर झोपणारे काका 'लेथार्जिक'. एकदा एका माणसाने बकरी चढवली, ती पायरीवरच अडून बसली. दोघंही एकदम म्हणालो, "ऑब्स्टिनेट!" आणि ती इतकी हसली की अख्खी बस वळून बघायला लागली. कंडक्टर 'ब्रस्क', म्हणजे तुसडा. तो रोज ओरडायचा, "उतरो अंग्रेजी वालों, गंगवाल आ गिया. लंडन का टिकट काटूं क्या?"

"काट दो भिया, खिडकी वाली सीट देना," ती म्हणायची. मग मला म्हणायची, "तुसडा नाहीये यार तो. याचा शब्द बदलू आपण."

सुरुवातीला ती मलाही भिया, म्हणजे भैया, म्हणायची. इंदुरात सगळेच सगळ्यांना म्हणतात. मग कधीतरी म्हणेनाशी झाली. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण मी त्याबद्दल काही बोललो नाही.

एकदा मी विचारलं, "माझा शब्द कोणता?"

"आहे एक. सांगेन कधीतरी. आणि माझा?"

"शोधतोय," मी म्हणालो. खरंच शोधत होतो. प्रत्येक शब्द तिला तोकडा पडत होता. पण हेही तिला सांगितलं नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. थंडीमुळे बसच्या काचा बंद होत्या. मी बसल्यावर ती म्हणाली, "सोमवारपासून मी नाही येणार."

"का?"

"रविवारी बघायला येतायत. देवासचे आहेत. पप्पांना तर पसंतच आहेत."

"आणि परीक्षा?"

"देवासवाले म्हणतात, शादी के बाद देखेंगे."

मी "हं" म्हणालो. ती रुमालाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तुझा शब्द सांगू? रेटिसेंट."

मला तो येत नव्हता. आमचं तिथपर्यंत झालंच नव्हतं, ती पुढे गेलेली असणार. पण त्या दिवशी तिच्यासमोर 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. मी मान हलवली.

"अर्थ कळला ना?"

"हो."

"मग?"

"मग काय... चांगला आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. थोडीशी हसली, पण बकरीच्या वेळचं हसणं नव्हतं ते. मग तिने काचेकडे तोंड वळवलं. गंगवालला कंडक्टरने लंडनचं तिकीट विचारलं, तर ती खिडकीची सीट न मागताच उतरली. दुपारी क्लासमधूनही लवकर गेली.

दिवसभर मी अर्थ बघितला नाही. तिने दिलाय म्हणजे चांगलाच असणार, घरी जाऊन निवांत बघू, असं वाटत होतं. संध्याकाळी चक्कीवर बसून फोनमध्ये बघितला. मनातलं बोलून न दाखवणारा.

बाबांनी पट्टा थांबवला. "काय रे, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

रविवारी तिच्या गल्लीत गेलो. दारात नवे बूट ओळीने काढलेले होते, आतून तळणाचा वास येत होता. तिचे वडील दारातच उभे होते. प्रेमाने म्हणाले, "ये बाळा, आत ये. क्लासमधला ना तू? काही काम होतं?"

"नाही काका. असंच, इकडून चाललो होतो."

परीक्षेत तो शब्द आला. जवळचा अर्थ निवडा. मी निवडला, आणि मग थोडा वेळ मला समोरचा स्क्रीन दिसेना. निकाल लागला तेव्हा बाबांनी दळणाला आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. आज माझं जे काही बरं चाललंय ते त्या सीटवर कमावलेलं आहे. तिच्याशिवाय ते झालं नसतं. हे तिला सांगायचं राहिलंच.

आता मी इंदुरातच राहतो. सुट्टीला गावी गेलो की परतताना तीच बस पकडतो. कंडक्टर तोच आहे, केस पांढरे झालेत. मागच्या वेळी तिकीट देताना त्याने विचारलं, "वो लंडन वाली मैडम नहीं दिखतीं?"

"देवासला असतात," मी म्हणालो.

"अच्छा है," तो म्हणाला आणि पुढे गेला. तुसडा नाहीच तो.

पुढच्या स्टॉपवर एक माणूस चढला. त्याने माझ्या शेजारी बोट दाखवलं. "भिया, कोई बैठा है क्या यहां?"

मी सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"नहीं," मी म्हणालो. "बैठो."